विसण किती घालायचं?

मैत्रिणींनो, आमच्या लहानपणी न्हाणीत तांब्याचा बंब होता. पहाटे उठून आजी त्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या सारायची, धूर घरभर व्हायचा आणि मग पाणी असं कढत यायचं की बोट बुडवायची सोय नाही. ते पाणी घंगाळ्यात घ्यायचं आणि बाजूच्या बादलीतलं गार पाणी त्यात घालायचं. या गार पाण्याला विसण म्हणतात, आमच्या बोलण्यात ‘इसण’. विसण किती घालायचं हे आजी कोपर बुडवून ठरवायची. आम्ही घाई करून तसंच पाणी अंगावर घ्यायला लागलो की ओरडायची, “काय करायलीस माय, आधण घ्यायलीस का काय अंगावर? इसण घाल की जरा!”

शहरात वाढलेल्या माझ्या भाचीला हा शब्दच माहीत नव्हता. तिच्या बाथरूममध्ये लाल-निळ्या खुणेचा एकच नळ आहे, तो इकडंतिकडं फिरवला की झालं. शब्द गेला तसा त्यामागचा अंदाजही गेला असं मला कधी कधी वाटतं. पण ते असो.

आज हे आठवायचं कारण म्हणजे परवाच्या हळदीकुंकवात निघालेला विषय. तोंड धुवायला पाणी गरम घ्यावं की गार? जितक्या बायका तितकी मतं. एक म्हणाली, गरमच घ्यावं, रंध्रं उघडतात, मळ निघतो, मग गार पाणी मारलं की रंध्रं मिटतात. दुसरी रोज सकाळी बर्फ फिरवते. तिसरीचं म्हणणं, आपल्याकडं नळाला येईल ते पाणी आपलं, एवढे लाड कुणाला परवडतात! मी मात्र गप्प बसून होते. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई गप्प कशी, असं सगळ्यांना वाटलं असणार. पण या विषयात माझी एक चूक होऊन बसली आहे, आणि ती माझ्या पुतणीच्या चेहऱ्यावर होऊन बसली होती. तेव्हा आज ती सांगूनच टाकते.

२०१८ च्या डिसेंबरात तिचा साखरपुडा झाला आणि लग्न मे महिन्यात ठरलं. पोरगी गव्हाळ, तरतरीत, पण पाहुण्यांपैकी कुणीतरी जाताजाता बोललंच, “पोरगी चांगली हाय, थोडी उजळ असती तर...” तो अर्धा शब्द तिनं ऐकला. त्यानंतर ती माझ्याकडं आली. “काकू, चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या यायल्यात, काय करू?” मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, रोज वाफ घे, कडक पाण्यानं तोंड धू, तेलकटपणा निघून जाईल. थंडीचे दिवस होते, तिलाही बरं वाटलं. दोन वेळा वाफ आणि तीन वेळा गरम पाणी सुरू झालं.

जानेवारी संपता संपता तिचे गाल लाल दिसायला लागले. पहिले काही दिवस घरात सगळे म्हणाले, बघा, तेज आलं! तेज कसलं, आग होती ती. चुलीपुढं बसली की चेहरा पेटायचा, उन्हात गेली की पेटायचा, आणि गरम पाणी लावलं की डोळ्यांतून पाणी यायचं. तरी ती करतच राहिली, कारण काकूनं सांगितलं होतं ना!

शेवटी फेब्रुवारीत आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं नांदेडला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडं गेलो. त्यांनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “कोणतं मलम लावतेस?” पोरगी माझ्याकडं बघेना. मग पर्समधून एक छोटी ट्यूब काढली. औषधाच्या दुकानातून, एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून, चिठ्ठीशिवाय घेतलेली. नोव्हेंबरपासून रोज रात्री लावत होती. त्या मलमात स्टेरॉइड होतं.

बाईंनी समजावून सांगितलं ते मी नीट लक्षात ठेवलं आहे. अशी मलमं इसब किंवा तसल्या आजारांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस वापरायची असतात. चेहऱ्याला रोज लावली की सुरुवातीला रंग उजळल्यासारखा वाटतो, म्हणून तर बायका फसतात. पण आतून कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते, आणि मलम थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन जळतो. मग त्या आगीला घाबरून बाई पुन्हा तेच मलम लावते. हे आपल्या देशात इतकं झालं आहे की त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. म्हणजे आमच्या पोरीनं ट्यूब घेतली तेव्हा ही मनाई होऊन आठ महिने झाले होते. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही आणि तिनं दाखवली नाही.

“आणि त्यावर रोज वाफ नि गरम पाणी?” बाई म्हणाल्या. “आधीच भाजलेल्या जागेवर चटका दिलात तुम्ही.” त्या हे पोरीकडं बघून बोलल्या, पण लागलं मला.

तर मैत्रिणींनो, आता पाण्याबद्दल. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. हा गिलावा आतलं पाणी बाहेर उडू देत नाही आणि बाहेरचं काही आत शिरू देत नाही. तुपाचं पातेलं गार पाण्यानं निघत नाही आणि कढत पाण्यानं चटकन निघतं, हे आपण रोज बघतोच. चेहऱ्याचंही तसंच. फार गरम पाणी मळ काढतं ते खरं, पण त्याबरोबर हा गिलावाही सैल करतं. मग तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होते. आपल्याला वाटतं, अगदी स्वच्छ झालं! ती स्वच्छता नव्हे, तो कोरडेपणा असतो. स्पेनमधल्या ग्रानाडा इथल्या संशोधकांनी २०२२ साली लोकांना गरम आणि गार पाण्यात हात बुडवायला लावून मोजलं. दोन्ही पाण्यांनी कातडीतून उडणारी वाफ वाढली, पण गरम पाण्यानं कितीतरी जास्त, शिवाय लाली वाढली ती वेगळीच. प्रयोग हातावरचा होता. चेहऱ्याची कातडी तर तळहातापेक्षा किती नाजूक!

आणि ती रंध्रं उघडायची नि मिटायची गोष्ट? मीही ती इतकी वर्षं खरी मानत होते. रंध्र म्हणजे काही दार नव्हे, त्याला उघडमीट करणारा स्नायू नसतो. गरम पाण्यानं आतला तेलकट मळ मऊ होतो एवढंच. गार पाण्यानं कातडी क्षणभर आकसते, सूज थोडी उतरते, म्हणून ताजंतवानं वाटतं, पण रंध्र आहे तेवढंच राहतं. बर्फ थेट घासला तर नाजूक कातडी उलट चिडते, आणि काहींना गार पाण्यानं गांधी उठतात. त्यांनी तर या फंदात पडूच नये.

मग नेमकं कसं पाणी? कातडीचं स्वतःचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असतं, शरीराच्या आतल्या ३७ पेक्षा कमी. पाणी त्याच्या आसपास असलं की ते ना गरम लागत ना गार. हातावर घेतलं तर ‘आहे’ एवढंच कळतं. तेच कोमट. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही कोमट पाणीच सांगते, दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर, बोटांनी, न घासता. आपल्या वाग्भटांनी अष्टांगहृदयात गरम पाणी कमरेखालच्या अंगाला बळ देणारं म्हटलं आहे आणि डोक्यावर घेतलं तर केसांना नि डोळ्यांना वाईट म्हटलं आहे. माझी आजी वाग्भट वाचलेली नव्हती, पण न्हाऊ घालताना मानेखाली ऊन पाणी आणि डोक्यावर निवलेलं, हा तिचा नेम होता.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी आणून एकदा मोजून बघितलं. घरच्यांनी चेष्टा केली, करू द्या. हिशोब सोपा आहे. हिवाळ्यात पहाटे टाकीतलं पाणी पंधरा अंशांच्या आसपास असेल, तर एक तांब्या उकळतं पाणी आणि चार तांबे टाकीतलं, असं मिसळलं की बत्तीसच्या जवळ येतं. विहिरीतून किंवा बोअरमधून ताजं काढलेलं पाणी असेल तर उकळत्याच्या एका तांब्याला आठ-नऊ तांबे लागतात, कारण ते मुळातच उबदार असतं. जमिनीखालच्या पाण्याला वरच्या थंडी-उन्हाचा पत्ता नसतो, ते वर्षभर साधारण एकाच तापमानाला राहतं, आपल्या भागात पंचवीसच्या थोडं वर. म्हणून तर हिवाळ्यात विहिरीतून वाफा निघताना दिसतात आणि उन्हाळ्यात तेच पाणी गार लागतं. ज्यांच्या दारात हापसा आहे त्यांनी तोंड धुवायला दुसरं काही तापवूच नये. पहिल्या चार हापक्यांचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं घ्यायचं. (सोडून म्हणजे झाडाला, बरं का.)

एक मात्र सांगते. विसण घालायची आपली पद्धत म्हणजे आधी कढत पाणी, मग गार. घरात लहान मूल असेल तर हे उलटं करा. आधी बादलीत गार, वरून गरम. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीसुद्धा पाचेक सेकंदांत भाजतं. मूल बादलीत हात घालायला किती वेळ लागतो? आणि तो पाण्यात सोडायचा हीटरचा रॉड, प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून बघू नका. पाणी कोमट आहे का हे बघायचं म्हणून आपण तेवढंच करतो.

थंडीचं झालं. पण सौंदर्याच्या पानांवर ‘कोमट पाणी वापरा’ असं लिहिणाऱ्यांना आमच्या मे महिन्याची कल्पना नसते! पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असतो. दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला की चहाचं पाणी यावं तसं येतं. त्या दिवसांत नळाखाली थर्मामीटर धरला तर पारा चाळीसच्या वर गेला. शेतातून, बाजारातून बाई घामाघूम होऊन येते आणि त्या नळाखाली तोंड धरते. आधी ऊन, मग हे पाणी. चेहऱ्यावर वांग असेल तर उन्हाइतकाच उष्णतेचाही त्रास होतो. चुलीपुढच्या आणि हळद शिजवायच्या कढईपुढच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. उपाय जुनाच आहे. सकाळी एक रांजण नाहीतर माठ भरून सावलीत ठेवायचा. मातीतून पाणी झिरपून उडत राहतं आणि आतलं निवतं. दुपारी त्यातला अर्धा तांब्या घ्या, नळातलं थोडं घाला. म्हणजे उन्हाळ्यात विसण रांजणातलं!

आमच्याकडं आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे पाणी जड. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात आणि तो कातडीवर बसतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि लंडनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की जड पाण्यानं धुतलं तर साबणासारखी द्रव्यं कातडीवर जास्त उरतात आणि ती चिडते. आपण काय करतो? चेहरा चिकट लागला की अजून साबण आणि अजून गरम पाणी! साबण आम्लारीधर्मी, कातडी किंचित आम्लधर्मी, त्यामुळं आणखी कोरडं. त्यापेक्षा रात्री पातेलंभर पाणी चांगलं उकळून झाकून ठेवावं. जडपणाचा काही भाग उकळल्यानं खाली बसतो, सगळा नाही. सकाळी तळ न ढवळता वरचं पाणी तोंडाला घ्यावं. तोंड धुवायला लागतं किती, एक तांब्या.

एक तांब्यावरून आठवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात माझी बहीण लातूरला होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टाक्यांत पाच लाख लिटर. त्या दिवसांत ती फोनवर म्हणाली होती, “अगं, इथं तोंड धुवायचं म्हणजे चैन झालीय.” ती मऊ सुती फडकं पाण्यात पिळून चेहऱ्यावर नुसतं ठेवायची, टिपायची आणि तेच पाणी कुंडीत ओतायची. साबण बंदच होता. पुढं भेटली तेव्हा तिचा चेहरा माझ्यापेक्षा नितळ होता, हे मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं.

तर आमच्या पुतणीकडं येते. मलम एकदम थांबवायचं की हळूहळू, ते डॉक्टरबाईंनी ठरवलं. आपल्या मनानं करू नका म्हणून बजावलं. वाफ बंद, साबण बंद, पाणी ‘ना गरम ना गार’. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. चेहरा सुजला, पुटकुळ्यांनी भरला. आमच्या जाऊबाई म्हणायच्या, “त्या मलमानं बरी तरी दिसत होती.” पोरगी रात्री फोन करून रडायची. एकदा म्हणाली, “काकू, एकदाच लावू का, फक्त लग्नापुरतं?” मी नाही म्हणाले आणि मग रात्रभर मला झोप लागली नाही. आधीही मीच सांगितलं होतं ना!

मे महिन्यात लग्न लागलं तेव्हा गाल पूर्ण बरे नव्हते. हळदीच्या वेळी मोठाच प्रसंग आला. डॉक्टरबाईंनी तोंडाला हळद लावू नका म्हणून सांगितलेलं. आत्याबाई खवळल्या, “तोंडाला हळद न्हाई म्हंजे? नवरी हाय का कोण हाय?” शेवटी हाता-पायाला भरपूर आणि कपाळाला एक बोट, एवढ्यावर तडजोड झाली. अंघोळीला उभी केली तर बादली टाकीच्या नळाची, भर दुपारची, वाफाळलेली. मी रांजणातली घागर उचलून आणली आणि तिच्या बादलीत ओतली. बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “बरं झालं बाई, इसण घातलं.” एवढ्या लग्नात तो शब्द तेवढ्या एकीच्याच तोंडून ऐकला.

लग्नाच्या अल्बममध्ये तिचे गाल लाल आहेत. फोटोवाला म्हणाला होता, कॉम्प्युटरवर साफ करून देतो. तिनं नको म्हटलं. कातडी पुरती शांत व्हायला सव्वा वर्ष लागलं, आणि अजूनही उन्हातून आली की डाव्या गालावर बारीक रेषा दिसतात.

पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी रोज सकाळी जात होते. न्हाऊ घालणाऱ्या बाईला कढत पाण्याशिवाय चैन पडत नव्हतं. “बाळाला शेक बसला पायजे,” तिचं म्हणणं. पुतणी पाटाजवळ येऊन बसायची, बाही वर करायची आणि बादलीत कोपर बुडवायची. “मावशी, अजून एक तांब्या घाला.” बाई कुरकुरत घालायची. “अजून एक.”